ऊसतोडीचा हंगाम आणि मंडळीची वही

नाताळ जवळ आला की आमच्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरच्या, बऱ्याच मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, त्यांच्या खोपटांवर, ब्लँकेटं वाटायला जातात. थंडी खरी असते, ब्लँकेटाची गरजही खरी असते, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या बाईच्या हातात आपण ब्लँकेट देतो तिची उचल, म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, किती, आजवर किती टन ऊस तोडून झाला, मागची बाकी किती, हे वाटणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नसतं. मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, हिशोब होतो, तेव्हा मंडळीतलं कोणी तिकडे फिरकत नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्या पास्टरेट कमिट्यांना, भगिनी मंडळांना आणि तरुण संघांना त्या हिशोबापर्यंत पोचायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, आता मंडळीचा सचिव आहे. पुढचं सगळं जरा कारकुनी वाटलं तर चालवून घ्या. माझं मतच असं आहे की न्यायाचं काम बहुतेक कारकुनीच असतं. आमोस संदेष्ट्याने न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हटलं ते आपण दरवर्षी ऐकतो आणि आमेन म्हणतो. पाणी वाहायचं तर चारी खोदावी लागते, तिचा उतार मोजावा लागतो, हे मात्र कोणी व्यासपीठावरून सांगत नाही.

आधी नहेम्या वाचा, दसऱ्याच्या सुमारास

टोळ्या यायच्या आधी, एखाद्या संध्याकाळी घरगुती प्रार्थनेला पवित्र शास्त्रातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचा. एकोणीसच वचनं आहेत. रविवारच्या उपासनेत नको; तिथे लोक ऐकतात आणि घरी जातात. घरी चटईवर बसून वाचलं की प्रश्न विचारता येतात.

यरुशलेमेचा कोट बांधायचं काम चाललेलं असताना लोक ओरड करतात. परक्यांविरुद्ध नाही, आपल्याच बांधवांविरुद्ध. काहींच्या घरात धान्य नाही. काहींनी दुष्काळात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली आहेत. काहींनी राजाचा कर भरायला कर्ज काढलं आहे आणि आता त्यांच्या मुली दास्यात चालल्या आहेत. बीड, जालना, पाथर्डीकडच्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. पावसाने ओढ दिली, घरात लग्न किंवा दवाखाना निघाला, मुकादमाकडून उचल घेतली, की सहा महिने ऊस तोडायला निघायचं.

पहिल्याच वचनात लोकांबरोबर त्यांच्या बायकांनीही ओरड केली असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथे थांबा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. उचल मात्र त्याच्या नावावर, हिशोबही त्याच्याच नावावर. अर्धा कोयता तिचा असून वहीत ती नसते.

मग नहेम्याला, तिथल्या सुभेदाराला, राग येतो. पण तो लगेच भाषण ठोकत नाही. आधी मनाशी विचार करतो, मग बड्या लोकांना तोंडावर विचारतो, मग सभा बोलावतो. सभेत तो स्वतःलाही सोडत नाही: मी, माझे भाऊबंद आणि माझे सेवकही पैसा आणि धान्य कर्जाने देतो, असं सर्वांसमोर म्हणतो. आणि परत द्यायचं ते आजच्या आज द्या म्हणतो. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो, म्हणजे साक्षीदार ठेवून. माझ्या मते न्यायाचं काम कसं करावं याची इतकी नेमकी कृती पवित्र शास्त्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. पुढचं सगळं मी याच क्रमाने मांडतो आहे.

उचलीचं गणित समजून घ्या

हे समजल्याशिवाय फडावर जाऊ नका. उदाहरणादाखल आकडे धरू; तुमच्याकडे ते बदलतील. एका कोयत्याला लाखाची उचल. जोडी दिवसाला दीड टन तोडते. टनाला 360 रुपये धरले तर दिवसाचे 540. पावसाचे, आजारपणाचे, गाडी न लागल्याचे दिवस वगळून 120 दिवस काम भरलं तर 64,800 रुपये झाले. उचलीतले 35,200 अजून बाकी. शिवाय हंगामात पोट भरायला दर आठवड्याला खर्ची लागते. हजार रुपये धरले तर सव्वीस आठवड्यांचे 26,000. म्हणजे सहा महिने राबून घरी जाताना जोडीच्या डोक्यावर 61,200 रुपये. ते फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यायचं. मधे कोणी खाडा केला, म्हणजे कामावर आलं नाही, तर त्याची वजावट वेगळीच.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. चांगलंच झालं. पण वाढलेला दर टोळीतल्या शेवटच्या कोयत्यापर्यंत पोचला का, हे पाहायला वही लागते, आणि ती मुकादमाशिवाय कोणाकडे नसते.

वही

कामाचा गाभा हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शंभर पानी वही घ्या, कार्बन घ्या. एका कोयत्याला एक वही. पहिल्या पानावर दोघांची नावं, आधी तिचं, मग त्याचं. गाव, तालुका, मुकादमाचं नाव, उचलीची रक्कम आणि तारीख, मागच्या वर्षाची बाकी, ठरलेला दर. दुसऱ्या पानापासून चार रकाने: तारीख, टन, खर्ची, खाडा. एवढंच. पाचवा रकाना काढायचा मोह होतो, काढू नका. भरला जात नाही.

टनाचा आकडा वजनपावतीवरून घ्यायचा. भरलेली गाडी काट्यावर जाते, मग रिकामी जाते, दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. बैलगाडी किंवा टायरगाडीच्या सेंटरला हे सोपं, कारण गाडी एका जोडीची असते. ट्रॅक्टरच्या टोळीत आठ-दहा कोयत्यांचा ऊस एकाच खेपेत जातो, पावती ड्रायव्हरच्या खिशात राहते आणि वाटणी मुकादम करतो. तिथे तरुण संघाच्या पोरांनी ड्रायव्हरशी दोस्ती करावी आणि पावतीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. ड्रायव्हर बहुधा नाही म्हणत नाहीत. त्यांचाही हिशोब कुठेतरी अडकलेलाच असतो.

जायचं कधी? संध्याकाळी, साडेसात-आठला. पहाटे चारला फडात जाणारी माणसं दिवसा भेटत नाहीत, आणि रात्री गाडी भरायची असेल तर तेव्हाही नाही. रविवारी उपासना आटोपून अकरा वाजता इस्त्रीच्या कपड्यांत कोप्यांवर जाणाऱ्यांना रिकामी खोपटी आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी भेटते. ऊसतोडीला रविवार नसतो.

एका कोपीपुढे वही भरताना नवरा सारखं सांगत होता, ‘हिशोब मुकादमाकडं हाय सगळा, तुम्ही कशाला तरास घेता सर.’ बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता सांगायला सुरुवात केली. पहिल्या बाजारला पाचशे, तेल-मीठ आणि पोराच्या खोकल्याचं औषध. दुसऱ्या बाजारला हजार, त्यातले दोनशे ह्यांनी परत नेले. तिसऱ्याला काहीच नाही, मुकादम गावाला गेला होता, शेजारणीकडून पीठ घेतलं. अशी तिने दिवाळीपासूनची खर्ची बाजारांवरून मोजून दिली, आणि नवरा तोंडात तंबाखू धरून नुसता ऐकत राहिला. आमच्यातल्या बारावीच्या पोराने बेरीज केली. मुकादमाने सांगितलेल्या खर्चीपेक्षा ती बरीच कमी भरली. त्या रात्री कोणी कोणाशी भांडलं नाही. वहीत आकडा लिहिला, खाली तिचा अंगठा घेतला. मूळ प्रत तिच्याकडे राहिली, कार्बनची आम्ही आणली.

मूळ प्रत नेहमी तिच्याकडेच राहिली पाहिजे. मंडळीच्या कपाटात वह्या जमा करून ठेवल्या तर तुम्ही दुसरे मुकादम.

आपल्या घरापासून

फडावर जायच्या आधी कमिटीच्या बैठकीत एक विषय घ्या: चर्च झाडणाऱ्या बाईला आणि कबरस्तानाच्या राखणदाराला आपण काय देतो, कोणत्या तारखेला देतो, किमान वेतनाशी ते जुळतं का. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको, असं पवित्र शास्त्रात लेवीयाच्या पुस्तकात आहे. आपण ती ‘दानार्पण कमी पडलं’ म्हणून महिनाभर ठेवतो. हे दुरुस्त करा, ठराव लिहा, पुढे चला.

मंडळीतल्या मुकादमाशी बोलणं

आता अवघड भाग. ऊसपट्ट्यातल्या मंडळीत बाकावर शेतकरी असतो, ट्रॅक्टरमालक असतो, एखादा मुकादमही असतो. कोणी कारखान्यात नोकरीला असतो, जसा मी होतो. ओरड आपल्याच बांधवांविरुद्ध होती, हे अध्यायात उगाच आलेलं नाही.

त्याला व्यासपीठावरून टोमणा मारू नका. पास्टर साहेबांना आधीच विनंती करून ठेवा की त्या महिन्यात याकोबाच्या पाचव्या अध्यायावर, अडकवलेल्या मजुरीवर, उपदेश नको. लोक माना वळवून एकाच माणसाकडे पाहतात आणि तो पुढच्या रविवारपासून येणं बंद करतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत धरा: आधी एकट्याने एकट्याला गाठा, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी.

त्याचं ऐकूनही घ्या. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेतो ती बहुतेक वेळा स्वतःची जमीन अडकवून. उचल घेऊन टोळी आलीच नाही तर तो बुडतो, आणि असं घडतं. म्हणून त्याला ‘तू पिळतोस’ म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच: ‘दादा, तुमचा हिशोब चोख असेल तर वहीची भीती कशाला? उलट तुमच्यावर कोणी आळ घेणार नाही.’ काही ऐकतात. एकाने तर आमच्याकडून कोऱ्या वह्या मागून नेल्या. काही ऐकत नाहीत, आणि त्यांच्याशी नातं ताणलं जातं. भावकीत सोयरिकी असतात, वर्षभर एकमेकांकडे चहा होत नाही. हे होणार हे धरूनच उतरा.

कागद

वही सुरू झाली की बाकीची कामं आपोआप पुढे येतात. रेशन आता कार्डावरच्या गावाच्या दुकानातच घ्यावं लागत नाही. आधारवर अंगठा उमटला की इथल्या दुकानात मिळतं, आणि म्हातारे आई-वडील गावी असतील तर त्यांचा वाटा तिकडे, यांचा इकडे असंही होतं. दुकानदार सुरुवातीला ‘सर्व्हर नाही’ म्हणतो. दोनदा सोबत गेलात की सर्व्हर येतो.

मुलांसाठी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणायला सांगा, म्हणजे इथल्या शाळेत बसवता येतं आणि परत गेल्यावर वर्ष वाया जात नाही. आणलं नसेल तरी इथली शाळा मुलाला नाकारू शकत नाही. मंडळीत जिल्हा परिषदेच्या शिक्षिका असतातच, हे काम त्यांना द्या. गरोदर बाईची आणि लहान लेकराची नोंद जवळच्या अंगणवाडीत करा. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामसेवकाकडून मिळतं; ते नसेल तर फोन लावा. कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे असं ठरलं आहे. त्या पैशाची वसतिगृहं आपल्या भागात कुठे आहेत हे विचारायचा हक्क कोणालाही आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचंच तिकीट लागतं.

बाईच्या दुखण्याचं काम भगिनी मंडळाने घ्यावं, पुरुषांनी त्यात तोंड घालू नये. 2019 साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीत काम होत नाही, काम चुकलं तर खाडा, कोपीजवळ ना पाणी ना संडास, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. भगिनींनी सरकारी दवाखान्यात तिच्यासोबत जावं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, तिला नीट समजेपर्यंत विचारत राहावं. काय करायचं ते ती ठरवेल.

अडवून ठेवलं असेल तर

उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला जाऊ देत नाहीत, माणसाला डांबलं, मारलं, अशी बातमी कधीतरी येतेच. रात्री मोटारसायकलवर चार पोरं घेऊन सोडवायला जाऊ नका. धोका असेल तर 112 ला फोन करा. सकाळी तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि हे वेठीचं कर्ज नाही हे दाखवायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुमची वही इथे पुरावा म्हणून उभी राहते.

मंडळीतलं कोणीतरी कळवळून म्हणेल की आपणच वर्गणी काढू, उचल भरू आणि त्यांना सोडवू. मी याच्या विरोधात आहे. पैसे भरून माणूस सोडवला की त्याची किंमत आपण मान्य केली.

आणि स्वतःची संघटना काढू नका. ऊसतोड कामगारांच्या संघटना आधीपासून आहेत, भाव त्या ठरवून घेतात, संप त्या करतात. त्यांना वहीच्या प्रती द्या. झेंडा त्यांचा राहू द्या.

धर्माचा प्रश्न

कोप्यांवरची बहुतेक माणसं ख्रिस्ती नसतात. वंजारी, मराठा, बंजारा, मातंग, बौद्ध, भिल्ल असे सगळे असतात. म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून पाळा. वही भरायला जाताना पत्रकं आणि शुभवर्तमानाच्या प्रती घरी ठेवायच्या. कोणी मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. नावांची यादी मंडळीच्या कोणत्याही अहवालात जाणार नाही. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटून काय करतो ते सांगायचं. दर वेळी बाहेरचं कोणीतरी सोबत असावं: आशाताई, शाळेचे गुरुजी, विहारातली पोरं. यात सावधगिरी आहेच, पण तेवढीच नाही. उपाशी माणसापुढे एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात अट धरली तर ती सुवार्ता उरत नाही, उचल होते.

‘मग साक्ष कुठे राहिली?’ असं एखादे ज्येष्ठ बंधू विचारतील. नहेम्या बड्यांना विचारतो की देवाचं भय धरून वागायला नको का, एवढीच साक्ष त्या अध्यायात आहे. दुसरे म्हणतील हे राजकारण आहे, मंडळीने यात पडू नये. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण द्या. 1882 साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणाचं आणि स्त्री डॉक्टरांचं म्हणणं सरकारच्या कानावर घातलं. त्यांचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षीचा. ख्रिस्ती झाल्यावर त्या गप्प बसल्या असं झालं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून मुली आणल्या आणि केडगावला त्यांना शिकवलं, कामाला लावलं. आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाच्या, धर्मगुरूने नगरच्या सोशल सेंटरमधून पाणलोटाचं काम उभं केलं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, आणि त्यात गावकऱ्यांच्या श्रमदानाचा वाटा होता, फुकट वाटून नाही. शेतात पाणी राहिलं की उचल घ्यायची वेळच कमी येते. आपली वही त्याच्यापुढे फार छोटी गोष्ट आहे.

पैसा

खर्च फारसा नाही: वह्या, कार्बन, पेट्रोल, झेरॉक्स. तो कापणीच्या सणाच्या दानातून करा आणि जमाखर्च फलकावर लावा. नहेम्याने बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही हे तो मुद्दाम नोंदवतो. आपल्या कार्यकर्त्याने कोप्यांवर चहासुद्धा आपल्या साखरेचा प्यावा. परदेशातला नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा, परवानगीशिवाय संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. आणि ब्लँकेटं जरूर द्या, फक्त नाताळाची वाट न बघता टोळी उतरते त्या आठवड्यात द्या, फोटो न काढता.

पट्टा पडताना

हंगाम संपायच्या आठवडाभर आधी मुकादमाला वेळ मागा. कोप्यांवर, सगळ्या जोड्यांसमोर, दोन्ही वह्या शेजारी ठेवून हिशोब वाचायचा. बायकांनाही बसवायचं. पास्टर साहेबांना साक्षीला बोलवा, नहेम्याने याजकांना बोलावलं होतं तसं. त्यांनी फक्त बसायचं, बोलायचं नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवा. तफावत निघाली तर ती तिथेच लिहायची, मुकादम आणि जोडी, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. जी रक्कम मुकादमाला मान्य आहे ती त्याच दिवशी मिळाली पाहिजे, ‘गावी आल्यावर देतो’ चालणार नाही. जी मान्य नाही तिचा अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे.

नवीन उचल जून ते ऑगस्टमध्ये त्यांच्या गावी वाटली जाते. तेव्हा बीड, जालन्याकडच्या मंडळींचे फोन नंबर मे महिन्यातच घेऊन ठेवा आणि त्यांना सांगा की उचलीच्या दिवशी कोणीतरी हजर राहा, रक्कम, दर आणि मागची बाकी कागदावर लिहून घ्या, दोघांच्याही नावाने. तो कागद आमच्या वहीचं पहिलं पान असतो.